छत पेलणारा फलाट

लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाची प्रतिकृती तयार करण्याचे काम एका संग्रहालयाकडून आमच्या कार्यशाळेला मिळाले, तेव्हा मागणीपत्रातील एक अट ठळक अक्षरांत छापलेली होती. फलाटांची संपूर्ण पातळी उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे, म्हणजे प्रेक्षकांना खालचे तळघर पाहता येईल, अशी ती अट होती. वाचायला ती अगदी साधी वाटते. इमारतींच्या प्रतिकृतींमध्ये मजले सुटे ठेवणे हे आमच्या व्यवसायात नेहमीचेच आहे. वरचा मजला उचलायचा आणि खालच्या खोल्या दाखवायच्या. परंतु या स्थानकाचा फलाट हा मजला नाही, ही गोष्ट पत्राने कळवून पटण्यासारखी नव्हती. म्हणून पहिल्या कमानी उभ्या करण्याच्या दिवशी मी संग्रहालयाच्या प्रकल्पप्रमुख बाईंना कार्यशाळेत येण्याची विनंती केली. त्या दिवशी जे घडले ते इथे नोंदवत आहे.

सेंट पँक्रस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची भव्य इमारत येते. ती जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचलेल्या हॉटेलची इमारत आहे आणि ते हॉटेल १८७३ मध्ये उघडले. गाड्या मात्र त्याच्या पाच वर्षे आधी, १ ऑक्टोबर १८६८ पासून, स्थानकात येऊ लागल्या होत्या. संग्रहालयाला हवी होती ती १८६८ सालची स्थिती, म्हणजे हॉटेल वगळून केवळ गाड्यांवरचे छत, फलाट आणि त्याखालचे तळघर. हा निर्णय मला मनापासून आवडला. मोठ्या स्थानकांच्या ज्या प्रतिकृती मी पाहिल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींमध्ये सगळे कौशल्य दर्शनी भागावर खर्ची पडलेले असते आणि मागचे छत केवळ झाकण म्हणून बसवलेले असते. स्थानकाचा खरा प्राण मागच्या त्या छताखाली असतो.

हे छत विल्यम हेन्री बार्लो या अभियंत्याने रचले, आणि त्याच्या तपशिलात रोलंड मेसन ऑर्डिश याने त्याला साहाय्य केले. लोखंडी कमानी डर्बीशरच्या बटर्ली कंपनीने घडवल्या. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे २४० फूट, म्हणजे ७३ मीटर, एकही खांब न घेता ही कमान जाते. छताची लांबी सुमारे २१० मीटर आणि रुळांपासून माथ्यापर्यंतची उंची सुमारे ३० मीटर आहे. त्या काळी एकाच कमानीत इतकी रुंदी झाकणारे दुसरे छत जगात नव्हते. माथ्यावर कमान पूर्ण गोल न राहता किंचित टोकदार होते, आणि त्या टोकामुळे संपूर्ण छताला एक उठाव येतो. प्रतिकृतीत हा बारीकसा कोन हरवला तर बाकी सर्व मापे अचूक असूनही स्थानक ओळखू येत नाही.

प्रमाण ठरवताना आमच्यात बरीच चर्चा झाली होती. ब्रिटिश गाड्यांची तयार मॉडेल १:७६ या प्रमाणात सहज मिळतात, तेव्हा तेच प्रमाण घ्यावे असे एका सहकाऱ्याचे मत होते. तसे केले असते तर छताची लांबी पावणेतीन मीटरच्या वर गेली असती आणि दिलेल्या दालनात ती मावली नसती. शिवाय त्या तयार गाड्यांचे रूळ १६.५ मिलीमीटर अंतराचे असतात, आणि १:७६ प्रमाणात ते खऱ्या १४३५ मिलीमीटर रुळांपेक्षा लक्षात येण्याइतके अरुंद ठरतात. शेवटी १:१०० हे प्रमाण ठरले. लांबी दोन मीटर दहा सेंटीमीटर, रुंदी ७३ सेंटीमीटर, उंची सुमारे ३० सेंटीमीटर, आणि रुळांमधले अंतर १४.३५ मिलीमीटर. गाड्या कार्यशाळेतच घडवाव्या लागल्या, पण मापांशी तडजोड करावी लागली नाही.

आता तळघराविषयी, कारण सगळा प्रश्न तिथूनच उद्भवला. हे स्थानक बांधणाऱ्या मिडलंड रेल्वे कंपनीचा मार्ग लंडनमध्ये शिरताना रीजंट्स कालव्यावरून येतो. शेजारच्या किंग्ज क्रॉस स्थानकाचा मार्ग त्याच कालव्याखालून बोगद्यातून जातो, आणि म्हणून ते स्थानक रस्त्याच्या पातळीवर आहे. सेंट पँक्रसचे रूळ मात्र रस्त्यापासून सुमारे सहा मीटर उंचावर राहिले. या उंचीखालची जागा आरंभी बोगद्यांच्या खोदकामातून निघालेल्या मातीने भरून टाकायची, असा विचार होता. पुढे ती मोकळी ठेवून कोठार म्हणून वापरायचे ठरले आणि बर्टन या गावाहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांना ती दिली गेली. पिंपांनी भरलेल्या वाघिणी हायड्रॉलिक पाळण्याने खाली उतरवत. पिंपे नीट रचता यावीत अशा बेताने तळघरातील बिडाच्या खांबांमधले अंतर १४ फूट ८ इंच ठेवण्यात आले. त्या खांबांवर तुळयांची जाळी, जाळीवर फलाट आणि रूळ.

छताच्या मुख्य कमानींमधले अंतर २९ फूट ४ इंच आहे, म्हणजे खांबांच्या अंतराच्या बरोबर दुप्पट. प्रत्येक कमान जिथे खाली टेकते, तिथे फलाटाखालून आडवी जाणारी तुळई तिच्या एका पायाला दुसऱ्या पायाशी बांधून ठेवते. कमानीचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि तुळई त्यांना आत खेचून धरते. धनुष्याच्या दोन टोकांना प्रत्यंचा धरते तसे. इतर अनेक स्थानकांत हा ताण घेण्यासाठी छतातूनच आडव्या सळ्या ओढलेल्या दिसतात. बार्लोने ती सळी फलाटाखाली नेली आणि छताखालचा अवकाश पूर्ण मोकळा केला. तळाशी, उन्हापावसापासून दूर असल्यामुळे या तुळयांवर हवामानाचा परिणामही फारसा होत नाही. उष्णतेने कमान वाढली तरी केवळ तिचा माथा थोडा वर उचलला जातो. नकाशावर ही मांडणी जितके वेळा पाहिली तितके वेळा मला त्या माणसाविषयी आदर वाटला आहे. खाली पिंप, त्यावरून खांबांचे अंतर, त्यावरून तुळया आणि तुळयांवरून थेट आभाळाला भिडणारी कमान, असे एकच गणित तळापासून माथ्यापर्यंत गेलेले आहे.

बाई आल्या तेव्हा कामाच्या मेजावर पहिल्या तीन कमानी तयार होत्या. खऱ्या कमानी लोखंडी जाळीच्या असून त्यांची जाडी सहा फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आमच्याकडे जेमतेम १८ मिलीमीटर. एवढ्या पट्टीत जाळीचे प्रत्येक तिरके अंग दिसावे म्हणून त्या आम्ही पातळ पितळी पत्र्यातून रसायनाने कोरून घेतल्या होत्या. दोन पत्रे पाठीला पाठ लावून, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून डाख दिला की कमानीला भरीवपणा येतो. डाख देताना उष्णता एका जागी जास्त वेळ राहिली तर पत्रा वाकतो, म्हणून आमचे ज्येष्ठ कारागीर एक सांधा कमानीच्या डाव्या पायाशी आणि पुढचा उजव्या पायाशी, असे आलटून पालटून करत माथ्याकडे जातात. वाहतुकीसाठी कमान दोन अर्धुकांत केली होती आणि माथ्यावर, त्या टोकदार कोनात, दोन्ही अर्धुके एका बारीक खिळीने जोडली जात होती.

मी मेजावर एक जाड काच ठेवली, तिच्यावर एक कमान उभी केली आणि बाईंना म्हटले, “मॅडम, माथ्यावर बोटाने हलकेच दाबून पाहा.” त्यांनी दाबले. कमानीचे दोन्ही पाय काचेवरून सर्रकन बाहेर सरकले आणि माथा खाली बसला. त्यांनी दचकून हात मागे घेतला. कारागिरांनी कमान पुन्हा उभी करून दोन्ही पायांना रेशमी दोरा ताणून बांधला. “आता दाबा.” या वेळी दोरा ताठ झाला, कमान तशीच उभी राहिली. त्यांनी आणखी दाबले, तरी ती हलली नाही.

“पण हे एवढेसे मॉडेल आहे,” त्या म्हणाल्या, “खऱ्या छताइतके वजन याला कुठे आहे? गोंदाने पक्के चिकटवले तर राहणार नाही का?”

प्रश्न अगदी योग्य होता. वस्तू शंभरपट लहान केली की तिचे वजन दहा लाखपट कमी होते आणि तिच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र दहा हजारपटच कमी होते. म्हणून लहान प्रतिकृती तिच्या वजनाच्या मानाने कितीतरी अधिक मजबूत असते. आकार आणि बळ यांचे हे नाते गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडले होते. याच कारणामुळे खऱ्या जगात कोसळतील अशा अनेक रचना मॉडेलमध्ये निमूट उभ्या राहतात. पण बळ बदलले तरी तोल बदलत नाही. कमानीचा आकार तोच असेल तर तिच्या पायांचा बाहेर सरकण्याचा कल आणि तिच्यावरचा भार यांचे गुणोत्तर शंभर मीटरला जे असते तेच एका मीटरला असते. वर्षानुवर्षे दिव्यांच्या उष्णतेत, काचेच्या पट्ट्यांचा भार घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रतिकृतीत हा कल गोंदाच्या सांध्यांवर सोडणे मला मान्य नव्हते. सांधे एकदम तुटत नाहीत, कणाकणाने सरकतात. वरची काच कुठेतरी तडकते आणि कारण शोधूनही सापडत नाही.

त्यावर बाईंनी विचारले, की फलाट काढायचाच असेल तर त्याच्या जागी असा बारीक दोरा किंवा तार कायमची ठेवता येणार नाही का. तार पुरेशी ठरली असती, हे मी मान्य केले. पण मग प्रेक्षकांना काय दिसेल, हे मी त्यांना दाखवले. आम्ही तिन्ही कमानी त्यांच्या जागी उभ्या केल्या, खाली तारा ओढल्या आणि तळघराच्या खांबांचा एक तुकडा मध्ये ठेवला. खांब वेगळे, कमानी वेगळ्या, आणि त्यांच्यामध्ये कशाचे म्हणून कळू नये अशा तारा. नंतर तारा काढून आमच्याकडे तयार असलेल्या तीन आडव्या तुळया खांबांच्या डोक्यांवर बसवल्या आणि कमानींचे पाय त्यांच्या टोकांना अडकवले. एका खांबाआड एक खांब तुळईखाली, प्रत्येक तुळईवर कमान. सगळे एकमेकांत बसले. बाई खाली वाकून बराच वेळ त्या सांध्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच बोटाने दुसऱ्या कमानीचा माथा दाबून पाहिला.

“म्हणजे फलाट काढला तर छत काढल्यासारखे आहे,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम,” कारागीर म्हणाले, “हे दोन्ही मिळून एकच अंग आहे.”

तरीही तळघर दाखवण्याचा त्यांचा आग्रह रास्तच होता, आणि तो मोडून काढण्यात मला काही रस नव्हता. १८६८ च्या लंडनला या तळघराने बिअर पुरवली, आणि २००७ मध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून युरोपात जाणाऱ्या यूरोस्टार गाड्यांसाठी स्थानकाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा याच तळघरात प्रवाशांच्या नोंदणीची आणि प्रतीक्षेची जागा झाली. त्या वेळी फलाटाच्या पातळीत लांब झरोके कापून वरचा उजेड खाली नेण्यात आला. छत आजही तसेच उभे आहे, म्हणजे ताण वाहून नेणारा मार्ग जपूनच ते झरोके पाडले गेले. आम्हीही हाच मार्ग धरला. तुळया कायमच्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधला फलाटाचा पृष्ठभाग काही गाळ्यांत सुटा करायचा, असा आराखडा तिथेच मेजावर काढला. प्रत्येक खांबाच्या रांगेवर तुळई धरली तरी तुळयांमधली जागा जवळपास साडेचार सेंटीमीटर मिळते. वरून डोकावले की खांबांच्या रांगा आणि सात-आठ मिलीमीटर उंचीची पिंपे स्पष्ट दिसतात. त्याशिवाय एका बाजूच्या विटांच्या भिंतीचा भाग कमानींखालचे आधार शाबूत ठेवून कापायचा, म्हणजे उभ्या माणसाला वरून आणि लहान मुलांना बाजूने, अशा दोन्हींकडून तळघर दिसेल. ही दुसरी सूचना बाईंची होती आणि ती माझ्या कल्पनेपेक्षा निश्चितच सरस होती. त्यांच्याच आग्रहावरून कमान, तुळई आणि खांब जिथे भेटतात तो एक सांधा रंग न देता उघड्या पितळेचा ठेवायचे ठरले, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाईल.

या निर्णयाने कामाचा क्रमही बदलला. आधी छत पूर्ण करून शेवटी फलाट सरकवायचा, असे वेळापत्रक होते. आता फलाट प्रथम आणि छत नंतर. प्रत्यक्षात छत उभारताना बार्लोच्या माणसांनी लाकडी परांची चाकांवर ठेवली होती आणि एकेक कमान पुरी झाली की ती पुढे ढकलत नेली होती. आमच्या कारागिरांनी त्याच धर्तीवर कमानी धरून ठेवणारा लाकडी साचा फलाटाच्या तुळयांवरून घसरेल असा करून घेतला. बाई निघाल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्या तुळयांची टोके कॅलिपरने मोजून एका रेषेत आणली, पहिल्या कमानीची दोन्ही अर्धुके खिळीने जोडून तिचे पाय तुळईला डाखले, आणि साचा ८.९ सेंटीमीटर पुढे घेऊन दुसरी कमान त्यात बसवली.