आमची वाटचाल: वजनावर नाही, नगावर

मला कोणी भंगारवाला म्हटलेलं चालत नाही. भंगारवाला जुनी गाडी वजनावर विकतो, आम्ही तिचे सुटे भाग नगावर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. आमच्या नातेवाइकांना तीस वर्षांत कळला नाही.

१९९४ साली दोघांनी भागीत गाळा घेतला. भांडवल म्हणजे एक चेन-पुली, दोन घोड्या, गोटी पान्यांची पेटी आणि सात इंची ग्राइंडर. ग्राइंडर माझा, कंपनी सोडताना मिळालेल्या फंडातून घेतलेला. हे लक्षात असू द्या.

तेव्हा माल म्हणजे पद्मिनी गाड्या. टॅक्सीत घासून घासून फ्लोअरची चाळणी झालेली, पण बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा पत्रा शाबूत. भागीदार गॅस कटर लावायचा. तासाभरात गाडीचे चार तुकडे! पण गॅसने पत्रा पिळवटतो. असला मडगार्ड डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून बसवणारा, उचलून बघतो आणि गुपचूप खाली ठेवतो. मी वेल्डिंगचा एकेक स्पॉट शोधून ड्रिलने उडवायचो, मग पातळ छिन्नीने शिवण उकलायचो. छताचा खांब कापायचाच झाला तर वीतभर जास्त ठेवून. जोड कुठे द्यायचा ते डेंटर ठरवेल, आपण नाही. वेळ तिप्पट लागायचा आणि त्यावरून भांडण रोज.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि मिठी नदीचं पाणी आमच्या गाळ्यात कमरेपर्यंत. पाणी ओसरल्यावर गल्लीला बुडालेल्या गाड्यांत सोनं दिसायला लागलं. भागीदार म्हणाला, उचल. मी पतपेढीचं कर्ज काढून अकरा उचलल्या. वरून चकाचक होत्या. पहिला गिअरबॉक्स उघडला तर तेल दुधाच्या चहासारखं, स्टार्टरमध्ये गाळ. मी म्हटलं, पत्रा आणि काचा विकू, बाकी भट्टीला जाऊ दे. तो म्हणाला, धुऊन वाळवून 'कोरडा माल' म्हणून काढू. मी नाही म्हटलं. आठवड्यात त्याने समोरचा गाळा घेतला. त्यातल्या त्यात बरी इंजिनं रातोरात तिकडे गेली. ग्राइंडरही.

दिवाळीनंतर बंद पडलेले स्टार्टर परत यायला लागले, आणि आले कुठे? माझ्याकडे! तो अजून जुन्याच पावतीपुस्तकावर विकत होता, पत्ता आमच्या गाळ्याचा. सतरा स्टार्टर मी पदरचे बदलून दिले. पतपेढीची नोटीस आली. मी गाळा विकायला काढला.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक टिकलं, जौनपूरचे काळी-पिवळी टॅक्सीवाले चाचा. "तुम्हारा माल खोला हुआ है, तोड़ा हुआ नहीं," म्हणायचे. माझ्याकडे नसलेल्या गिअरबॉक्सचे पाच हजार आगाऊ ठेवून गेले, पावती न घेता. दोन महिन्यांनी गिअरबॉक्स दिला, तेव्हा शेवटच्या पन्नास रुपयांसाठी मात्र अर्धा तास घासाघीस केली. त्यांच्या स्टँडवरच्या गाड्यांनी गाळा वाचवला.

२००८ च्या शेवटी लोखंडाचा भाव कोसळला. वजनावरवाले बसले, समोरचाही. आम्हाला ओरखडा नाही. पुढची वर्षं धंदा चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्याआधीच आम्ही सँट्रो, वॅगनआरवर आलो होतो. २०२१ च्या नियमांनंतर स्क्रॅपिंगची नोंदणीकृत केंद्रं निघाली. तेवढं भांडवल आमच्याकडे कुठलं? आम्ही आता तिथून निघालेले सुटे भाग घेतो.

हल्लीची पोरं बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन थेट गाडीवर चढतात. अरे, आधी बॅटरीची तार काढा, टाकी रिकामी करा, सीएनजीची बाटली असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, चकती फुटली की डोळाच जातो. गंजलेल्या बोल्टला रात्रभर डिझेल पाजा, आणि सोडण्याआधी किंचित आवळून घ्या. आवळल्याने गंज तुटतो. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

गेल्या वर्षी समोरच्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो. पाचशे एकचा आहेर केला. पंगतीत विचारलं, "माझा ग्राइंडर?"

"आर्मेचर जळालं रे. देऊन टाकला."

"कितीला?"

"वजनावर," म्हणाला.