पहिला भागच पाहिला नाही, तर दुसऱ्याला कोण येणार?

'ब्लेड रनर २०४९' ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, 'ट्रॉन: एरीस' ऑक्टोबर २०२५ मध्ये. दोन्ही १९८२ च्या इंग्रजी विज्ञानपटांचे पुढचे भाग. दोघांनीही अमेरिकेत पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी मिळून साधारण सव्वातीन कोटी डॉलर जमवले. दोन्हींचा निर्मितीखर्च किमान १५ कोटी डॉलर. पहिल्या तीन दिवसांत एवढीच मजल मारली, तर एवढा खर्च भरून निघत नाही. पुढच्या आठवड्यांत आकडा वर जात नसतो, उतरत असतो.

अशा वेळी 'फार उशीर केला' हे ठरलेलं उत्तर ऐकू येतं. ते मला अर्धवट वाटतं. 'ज्युरासिक वर्ल्ड' आधीच्या भागानंतर १४ वर्षांनी आला आणि जगभर तुफान चालला. 'अवतार'चा दुसरा भाग १३ वर्षांनी आला, त्याने २ अब्ज डॉलर ओलांडले. मधे किती वर्षं गेली याला फारसं महत्त्व नाही. पहिल्या भागाला तिकीट काढून किती माणसं गेली होती आणि ती आज कुठे आहेत, हे बघायला हवं.

मूळ 'ब्लेड रनर' २५ जून १९८२ ला लागला. त्याच्या दोनच आठवडे आधी 'ई. टी.' आला होता आणि अमेरिकेतली सगळी कुटुंबं तिकडे होती. जवळपास ३ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या चित्रपटाने तिथे कमाईही साधारण तेवढीच केली. त्यातला मोठा हिस्सा थिएटरवाल्यांचा, म्हणजे हा सरळ तोटा. त्याचं नाव झालं ते नंतर, व्हिडिओ कॅसेटवर, मग १९९२ ची दिग्दर्शकीय आवृत्ती आणि २००७ ची 'फायनल कट' यांच्यामुळे. चित्रपट शिकणारे, चित्रकार, आर्किटेक्ट त्याच्या प्रेमात पडले. हे प्रेम फार खोल आहे, पण त्याचा घेर लहान आहे. एखाद्याने घरी तो तीस वेळा पाहिला असला, तरी नव्या भागासाठी तो एकच तिकीट काढतो. निर्मात्यांनी खर्च ठरवताना त्या प्रेमाची खोली पाहिली, माणसं मोजली नाहीत. 'ट्रॉन'चंही तेच. १९८२ चा तो चित्रपट संगणकावरच्या चित्रांसाठी इतिहासात अमर आहे, पण त्या वर्षी तो काही गर्दी खेचणारा नव्हता.

आता कोल्हापुरात या. 'ज्युरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन भारतभर लागला. तेव्हा दहा वर्षांचा असलेला पोरगा २०१५ मध्ये एकतीस वर्षांचा होता, कदाचित त्याचं स्वतःचं लेकरू हाताशी होतं. डायनासोर म्हटलं की त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. 'ब्लेड रनर'ची अशी आठवण आपल्याकडे तयारच झाली नाही. हे गाव चित्रपटाला परकं म्हणून नव्हे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ मध्ये प्रभातही इथेच उभी राहिली. पण इंग्रजी विज्ञानपट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचायला हिंदी आवाज लागतो, आणि १९८२ मध्ये त्याची पद्धत नव्हती.

बरं, आपल्याकडे पिक्चरला एकटं कोण जातं? शिवाजी विद्यापीठातला किंवा केआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातला चौघांचा ग्रुप ठरवतो. चौघांपैकी एकाने पहिला भाग पाहिलेला असतो. उरलेल्या तिघांचा प्रश्न एकच: 'आधीचा बघितला नसला तर कळेल का?' या प्रश्नाला 'हो' असं ठाम उत्तर मिळालं नाही की तिकिटं दुसऱ्या चित्रपटाची निघतात. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' ३० वर्षांनी आला, पण आधीचं काहीही ठाऊक नसलं तरी पाच मिनिटांत पकड घेतो. त्याची जाहिरातही तशीच केली होती.

'२०४९'ने याच्या बरोब्बर उलट केलं. कथा फुटू नये म्हणून समीक्षकांनाही मुख्य गोष्टी लिहू नका अशी विनंती होती. नायक स्वतः कृत्रिम माणूस आहे, हे चित्रपट सुरुवातीलाच उघड करतो, पण जाहिरातीत तेही सांगता आलं नाही. मग ट्रेलरमध्ये उरलं काय? नारिंगी धुकं, पाऊस, मोठे दिवे आणि दोन ओळखीचे चेहरे. रॉजर डीकिन्स यांचं छायाचित्रण अप्रतिमच आहे, त्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण नुसत्या दृश्यांवर अनोळखी माणूस तीन तास द्यायला तयार होत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या भागामधला काळ सांगणारे तीन लघुपट प्रदर्शनाआधी काढले होते. ते ऑनलाइन राहिले आणि ज्यांना आधीच ओढ होती त्यांनीच पाहिले.

पहिला भाग प्रचंड चालला म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. 'इंडिपेंडन्स डे' १९९६ मधला जगातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट, ८० कोटी डॉलरच्या वर. वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने त्याच्या निम्मेही मिळवले नाहीत. पहिल्या भागाचा नायक विल स्मिथ त्यात नव्हता हे एक. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं: १९९६ मध्ये अख्खं शहर उद्ध्वस्त होताना बघणं हेच नवल होतं, २०१६ पर्यंत ते दर दोन-तीन महिन्यांनी पडद्यावर दिसत होतं.

आता थिएटरचा हिशेब, कारण चित्रपट खरा मरतो तो इथे. '२०४९' १६३ मिनिटांचा. त्यात १५ मिनिटं मध्यंतर, १५ मिनिटं जाहिराती-ट्रेलर, १५ मिनिटं साफसफाई धरा. एका खेळाला २०८ मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. सकाळी ९ ला सुरू केलं तर खेळ पडतात ९, १२:३०, ४, ७:३० आणि ११ ला. दोन तासांच्या चित्रपटाला तेच धरून १६५ मिनिटं लागतात, आणि रात्री पावणेअकरापर्यंत सहा खेळ बसतात. त्यातले सव्वापाच आणि आठचे दोन्ही चांगले चालणारे. लांब चित्रपटाला सोयीच्या वेळेचा एकच खेळ उरतो, साडेसातचा. आणि रात्री ११ ला बसलेला माणूस सव्वादोनला बाहेर पडतो. इचलकरंजी, कागल, जयसिंगपूरहून कोण थांबणार?

त्यात तारीख. ६ ऑक्टोबर २०१७ ला तो लागला, १९ ला दिवाळीचं लक्ष्मीपूजन, २० ला 'गोलमाल अगेन'. शाळांच्या सहामाही परीक्षा त्याच सुमारास. म्हणजे हातात दोन आठवडे, तेही बाजाराच्या धांदलीत. पुढच्या शुक्रवारचे खेळ आदल्या सोमवार-मंगळवारच्या गर्दीवर ठरतात. पहिल्या सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की साडेसातचा खेळ जातो, सकाळी नऊचा राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पोस्टर उतरतं. तोंडी प्रसिद्धीला वेळच मिळत नाही. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये झालेल्या समेटात हिंदी चित्रपटांसाठी कमाईतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि चौथ्यापासून ३० असा ठरला होता. इंग्रजीचे करार वेगळे असतात, पण उतरती भाजणी तीच. म्हणजे चित्रपट टिकला तर थिएटरचाच फायदा. पण टिकवायला पहिला आठवडा भरावा लागतो.

'अवतार'च्या लोकांनी काय केलं ते बघा. डिसेंबर २०२२ च्या आधी, सप्टेंबरमध्ये त्यांनी पहिला भाग पुन्हा थिएटरांत लावला. विसरलेल्यांना आठवण झाली, आणि २००९ मध्ये लहान असलेल्यांनी तो पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहिला. दुसरा भाग हिंदीसह पाच भारतीय भाषांत आला. मराठी त्यात नव्हती याची खंत मला आजही आहे.

कोल्हापुरात हे लहान प्रमाणात करता येतं. नवा भाग यायच्या तीन आठवडे आधी मल्टिप्लेक्सने जुन्याचे शनिवार-रविवारी दोन खेळ लावावेत, तिकीट कमी ठेवावं, आणि नव्याचा साडेसातचा खेळ हिंदीला द्यावा, इंग्रजीला चारचा. फिल्म सोसायटीला जुना भाग दाखवायचा असेल तर घरची डिस्क लावून चालत नाही, हक्कधारकाकडून सार्वजनिक खेळाची परवानगी घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून दोन महिने आधी पत्र टाकावं. जुना म्हणजे नेमका कुठला, हेही आधी ठरवावं. 'ब्लेड रनर'च्या १९८२ च्या आवृत्तीत निवेदन आणि गोड शेवट चिकटवलेला आहे, तो नको. 'फायनल कट' लावावा, ११७ मिनिटांचा. मध्यंतर धरूनही सव्वादोन तासांत संपतो आणि संध्याकाळी सहाला सुरू केला तर शेवटची बस चुकत नाही.