आनेयोशीचा दगड बघायला निघालात? आधी चढाची तयारी करा

'समुद्रकाठची सोपी वाट, रमतगमत जाता येईल.' सहल आखून देणाऱ्याने आम्हाला हे लेखी दिलं होतं. आनेयोशी गावातला त्सुनामीचा इशारा देणारा हा दगड ज्यावर आहे, ते जपानातलं ओमोए द्वीपकल्प त्या माणसाने नकाशावर तरी नीट पाहिलं असेल का, शंकाच आहे. इथल्या पायवाटेच्या मिचिनोकू कोस्टल ट्रेल (किनारी वाट) या नावावरही जाऊ नका. इथे डोंगर थेट समुद्रात घुसलेत. खाडीपर्यंत उतरायचं, पलीकडचा डोंगर चढायचा, पुन्हा उतरायचं. दिवसभर हाच उद्योग, त्यात डांबरी रस्ता भरपूर. गुडघ्यांचं पार भजं होतं.

हे चढउतार आणि इथला इतिहास एकाच भूगोलातून आलेत. सान्रिकू या ईशान्य जपानच्या किनाऱ्यावरच्या या खाड्या तोंडाशी रुंद आणि आत निमुळत्या. त्सुनामीची लाट आत शिरली की दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि चढत जाते. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी दूर समुद्रात भूकंप झाला. किनाऱ्यावर धक्का इतका सौम्य होता की फारसं कुणी घाबरलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात लाट आली, सुमारे २२,००० माणसं गेली. खोल समुद्रात असलेल्या कोळ्यांना काही जाणवलंच नाही. ते परतले तेव्हा गावं उरली नव्हती. मग ३ मार्च १९३३, पहाटे अडीचची वेळ, कडाक्याची थंडी, ८.४ तीव्रतेचा भूकंप. मृत आणि बेपत्ता मिळून तीन हजारांवर.

आनेयोशी गाव दोन्ही वेळा पुसलं गेलं. आधी दोन जण वाचले, नंतर चार. हे आकडे त्या दगडावरच कोरलेत, आणि सोबत हुकूम: इथून खाली घरं बांधू नका. दगड रस्त्याकडेला झाडीत आहे, गाडीत असाल तर सहज हुकेल. तिथून समुद्र दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा 'एवढ्या वर लाट कशी येईल' असंच वाटतं.

म्हणूनच फोटो काढून परत फिरू नका. खाली बंदराच्या धक्क्यापर्यंत उतरा आणि तोच रस्ता चढून या. २०११ च्या त्सुनामीत या दरीत पाणी ४०.५ मीटर उंचीपर्यंत चढलं आणि दगडाच्या थोडं खाली थांबलं. वरची घरं शाबूत राहिली. पण गावातली एक आई आणि तिची तीन मुलं त्या वेळी बाहेर होती, ती गेली. दगड घरापुरता होता.

धक्क्याजवळूनच तोदोगासाकी दीपगृहाची वाट निघते. जपानच्या होन्शू या मुख्य बेटाचं पूर्व टोक, ३४ मीटरचा मनोरा. सुरुवातीचा चढ दम काढतो, पुढे जंगलातून बऱ्यापैकी सपाट आहे. जाऊन-येऊन अडीच तास धरा. अस्वलं आहेत, घंटा बांधाच. ओमोएतून चालत आला असाल तर त्या दिवशी हे सरळ सोडून द्या. आम्ही सोडलं नाही आणि दुसरा दिवस झोपून काढला.

याच किनाऱ्यावरच्या तारो गावाला मात्र जाच. १९३३ नंतर बांधायला घेतलेली १० मीटर उंचीची भिंत, जिच्या भरवशावर गाव पुन्हा खाली वसलं, ती २०११ ला पाण्याने ओलांडली. नवी भिंत १४.७ मीटर आहे. तिच्या पायथ्याने चालण्यात काडीचा अर्थ नाही, नुसतं काँक्रीट. त्यापेक्षा तारो कांको हॉटेल बघा. खालच्या दोन मजल्यांचा निव्वळ लोखंडी सांगाडा राहिलाय. लाटेचं जे चित्रण सहाव्या मजल्यावरून झालं, ते त्याच खोलीत बसवून दाखवतात. पण वाटाड्या आगाऊ ठरवावा लागतो, आयत्या वेळी आत सोडत नाहीत.

जोदोगाहामाचा समुद्रकिनारा सुंदर आहे, थकवा काढायला ठीक.

ओमोएच्या बस मोजक्याच आहेत. परतीची वेळ मियाको या जवळच्या शहराच्या स्टेशनवरच विचारून घ्या, जेवण आणि पाणीही तिथूनच उचला. बस चुकली तर टॅक्सीच, आणि मीटर पळताना बघवत नाही.