स्टेंटनंतरचा दम आणि ‘सेम ट्रीटमेंट’

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, तिसऱ्या दिवशी घरी आले. त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या पाच आठवड्यांची.

आठवडाभरातच दम लागायला लागला. जिना चढताना नव्हे, नुसतं खुर्चीत बसलेलं असताना. छाती भरून श्वास घ्यावा आणि तो पुरूच नये. तासाभराने आपोआप ओसरायचा. ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवायचा.

ओपीडीत अडीच तास बाकावर बसले, आत चार मिनिटं. ईसीजी, टूडी एको, छातीचा एक्स-रे, सगळं नॉर्मल. तपासण्या हव्याच होत्या, त्याला माझी ना नाही. पण पुढे काय? “काकू, मनावर घेऊ नका.” केसपेपरवर ‘सेम ट्रीटमेंट’. दुसऱ्या खेपेला खोकल्याचं औषध आणि खाली पुन्हा ‘सेम ट्रीटमेंट’. खोकला मला नव्हताच! तिसऱ्या खेपेला झोपेची गोळी. मांडीवर गोळ्यांची पिशवी घेऊन बसले होते, ती कुणी उघडायलाही सांगितली नाही. रिपोर्ट चांगले म्हणून मी खोटी ठरले, याचा अजून संताप येतो.

शेजारचे भाऊजी म्हणाले, “दोन दिवस गोळ्या बंद करून बघा.” हे अजिबात करू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो.

चौथ्या खेपेला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदलीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “गोळ्या दाखवा.” टिकाग्रेलॉरच्या, म्हणजे त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या, पट्टीवर बोट ठेवलं. “हिच्यामुळे काहींना असाच दम लागतो, फुफ्फुसात बिघाड नसतो.” बऱ्याच जणांचा तो सौम्य असतो, हळूहळू जातो, माझा जात नव्हता. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन करून तिच्याऐवजी त्याच कामाची क्लोपिडोग्रेल सुरू केली, पहिल्या दिवशी जास्त डोस, मग रोज ७५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिन तशीच चालू.

चौथ्या दिवशी नातवाशी फोनवर बोलताना एकही वाक्य मध्ये तोडावं लागलं नाही. फोन ठेवून मी रडले.

कोरडा खोकला सुटत नसेल तर रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारा, तिच्याने काहींना तसा होतो. आणि आडवं झाल्यावर दम वाढला, पाय सुजले, छातीत दुखलं, तर ओपीडीच्या नंबरची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा.

तो केसपेपर मी जपून ठेवलाय. पुढच्या तपासणीला नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवणार आहे.