पाच तारा आणि एकच प्रत

जुन्या फ्लॉपीवरून वाचन करताना मी एक नियम पाळते: पहिलंच वाचन शेवटचं असू शकतं. त्या दिवशी ते अक्षरशः खरं ठरलं.

बीबीसी मायक्रो हा जुना घरगुती संगणक घेऊन आलेले गृहस्थ साठीच्या आसपासचे. मशीन त्यांच्या वडिलांचं. वडील रात्री गच्चीवर बसून मीरा या रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्याची तेजस्विता मोजायचे आणि सकाळी ते आकडे बेसिक या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामच्या डेटा ओळींमध्ये भरायचे. मीराचं एक आवर्तन साधारण ३३२ दिवसांचं, म्हणजे हे काम वर्षानुवर्षांचं. या गृहस्थांचा मुलगा अजूनही अमिगा ५०० हा दुसरा जुना संगणक वापरतो, त्याला ती फाइल तिथे हवी होती. "बाबांनी स्वतः टाइप केलंय, एवढंच आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

पॉवर सप्लायमधले म्हातारे कपॅसिटर आदल्या दिवशीच बदलून ठेवले होते. सव्वापाच इंची फ्लॉपीवर फिकट वर्तुळाकार ओरखडे दिसत होते. लोड म्हटलं, ड्राइव्ह दोनदा अडखळला, आणि प्रोग्राम आला. मोजला तर ९,४३१ बाइट. खात्रीसाठी पुन्हा लोड करण्याआधी नुसती कॅटलॉग, म्हणजे फाइलींची यादी मागितली. उत्तर आलं: डिस्क फॉल्ट १८. फ्लॉपीच्या खिडकीतून पाहिलं तर चकतीवरचा तपकिरी थर एका कडेनं निघून आला होता.

म्हणजे आता वडिलांच्या नोंदींची एकुलती एक प्रत होती ३२ किलोबाइटच्या रॅममध्ये, आणि वीज गेली की तीही गेली. ही परिस्थिती मी त्यांना लगेच सांगितली. अशा वेळी लपवालपवी मला पटत नाही. ते खुर्ची ओढून मशीनशेजारी बसले आणि प्लगवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिथून हललेच नाहीत.

केबल मी नेहमी स्वतः बनवते. अमिगाच्या २५ पिनांच्या पोर्टवर काही पिनांना अधिक आणि उणे १२ व्होल्ट असतात, म्हणून सगळ्या पिना जोडलेली तयार केबल लावायला माझा हात धजत नाही. पाचच तारा: जाणारा डेटा, येणारा डेटा, ग्राउंड, आणि "पाठव" किंवा "थांब" सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएस या तारांची उलटापालट केलेली जोडी. ही जोडी टाळता येत नाही, कारण सीटीएसवर होकार मिळाल्याशिवाय बीबीसी एक अक्षरही बाहेर सोडत नाही.

पाठवणारा छोटा प्रोग्राम मूळ प्रोग्रामच्या वर ठेवला. पेज, म्हणजे बेसिक प्रोग्राम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता, हेक्स (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) ५००० वर नेला आणि नव्या प्रोग्रामसाठी न्यू ही आज्ञा दिली. खाली १९०० पासूनचा मूळ प्रोग्राम जसाच्या तसा राहिला. प्रत्येक बाइट दोन हेक्स अंकांत, ओळीला ३२ बाइट आणि ओळीच्या शेवटी त्यांची बेरीज. बेसिकचे शब्द मेमरीत १२८ च्या वरच्या एकेका बाइटमध्ये असतात. मध्ये कुठे सात बिटांची सेटिंग राहिली तर ते मुकाट्यानं बदलतात आणि लांबी मात्र बरोबर दिसते. हेक्समध्ये तो धोका नाही.

चालवलं. काहीच नाही. आउटपुट सिरियलकडे वळवलेलं, म्हणून पडदाही मुका. दहा मिनिटं प्रोग्राममध्ये चूक शोधली, मग मशीन नव्यानं सुरू करणारी ब्रेक कळ दाबावीच लागली. ब्रेकनंतर बेसिक, प्रोग्रामच्या दुसऱ्या बाइटमध्ये शेवटाची खूण टाकतो आणि सगळं पुसल्यासारखं वाटतं. ओल्ड म्हटलं की तो बाइट पुन्हा शून्य होतो. हे मला पाठ आहे, तरी ओ-एल-डी ही तीन अक्षरं टाइप करताना बोटं थंड पडली होती. लिस्ट केलं. पहिली ओळ आली, १० नंबरची. शेजारून एक लांब श्वास ऐकू आला.

दोष प्लगमध्ये होता. बीबीसीच्या सिरियल पोर्टचा पाच पिनांचा प्लग फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखा असतो. तो उलटाही तितकाच नीट बसतो. फिरवला, पेज पुन्हा ५००० वर नेऊन तिथेही ओल्ड दिलं, गती परत लावली, आणि अमिगाच्या पडद्यावर अंक धावू लागले.

९६०० बॉडला (बॉड म्हणजे सेकंदाला पाठवलेले बिट) ओळी आल्या, पण तीन बेरजा चुकल्या. अमिगावरचा ओळी घेणारा टर्मिनल प्रोग्राम फ्लॉपीवर लिहायला थांबत होता तेवढ्यात अक्षरं सांडत होती. अमिगाच्या प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंगमध्ये) हँडशेक, म्हणजे समोरच्याला थांबायला सांगण्याची सोयच बंद होती. ती चालू केली आणि गतीही १२०० वर आणली. घाई कशासाठी? १२०० बॉड म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं, सगळा प्रवास तीनेक मिनिटांचा. या वेळी २९५ ओळी आल्या आणि प्रत्येक बेरीज जुळली. तरीही त्याच तारेवरून साधी लिस्टही पाठवली, त्यांना लगेच वाचता यावी म्हणून.

ते डेटा ओळी बोट ठेवून वाचत गेले. मध्येच एका रेम ओळीत, म्हणजे नुसत्या टिपेच्या ओळीत लिहिलं होतं, "सलग नऊ रात्री ढग." तिथे ते बराच वेळ थांबले.

फाइलच्या दोन वेगळ्या फ्लॉपींवर प्रती केल्या, दोन्ही पुन्हा वाचून बेरजा ताडल्या. मग मी त्यांना म्हटलं, "आता बंद केलं तरी चालेल." बीबीसीचं बटण त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं.