मर्थरचा डावा हात

वेल्सची राजधानी कार्डिफला आलेला मराठी माणूस सोफिया गार्डन्सकडे एक चक्कर मारतोच. २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताने श्रीलंकेला सेमीफायनलमध्ये तिथेच हरवलं होतं. मीही गेलो, पण क्रिकेटसाठी नाही. या बागेत पूर्वी एक मोठा पॅव्हेलियन, म्हणजे छत असलेलं सभागृह होतं. १९५८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं बॉक्सिंग त्यात झालं. वेल्सने घरच्या मैदानावर भरवलेल्या त्या स्पर्धेत वेल्सला एकच सुवर्णपदक मिळालं. ते मिळवलं मर्थर टिडफिलच्या हॉवर्ड विन्स्टन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने, बँटमवेट या हलक्या वजनी गटात. १९८२ साली बर्फाच्या भाराने पॅव्हेलियनचं छत कोसळलं, त्यामुळे आज तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून थेट त्याच्या गावीच जायचं ठरवलं.

मर्थरची गाडी टाफ नदीच्या खोऱ्यातून वर चढते. प्रवास साधारण तासाभराचा. पाँटिप्रिडपर्यंत गाडी भरलेली असते, पुढे डबे रिकामे होत जातात आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. क्वेकर्स यार्ड नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. फ्लायवेट गटातला जगज्जेता जिमी वाइल्ड याच परिसरात १८९२ मध्ये जन्मला. थोडं पुढे मर्थर व्हेल, आणि नदीपलीकडे अ‍ॅबरफॅन. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीतल्या राडारोड्याचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. डोंगरावर दफनभूमीतल्या पांढऱ्या कमानींची रांग गाडीतूनही दिसते. डब्यातलं कुणी तिकडे बोट दाखवत नाही. दाखवायची गरजही नसते.

मर्थर हे एके काळी लोखंडाचं गाव. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिक या इंजिनिअरचं वाफेचं इंजिन रुळांवरून धावलं ते इथल्या पेनिडॅरेनच्या कारखान्यापासून. आता भट्ट्या नाहीत, खाणीही नाहीत. आहे तो उतारावरचा बाजार, सेलच्या पाट्या, मधूनच येणारा बारीक पाऊस आणि तीन बॉक्सरांचे पुतळे. एवढ्याशा गावात तीन! आपल्याकडे चौकात कोणाचा पुतळा बसवायचा यावर वर्षानुवर्षं बैठका चालतात, इथे तो प्रश्नच पडलेला दिसत नाही.

विन्स्टनचा पुतळा सेंट टिडफिल्स स्क्वेअर या खरेदीच्या चौकात आहे. २००१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात तो बसवला. शिल्पकार डेव्हिड पीटरसन हा हेवीवेट विजेता जॅक पीटरसनचा मुलगा, म्हणजे घडवणाऱ्याच्या घरातही बॉक्सिंगच. बाया पिशव्या सावरत पुतळ्याला वळसा घालून जातात. मी मात्र बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत उभा होतो, कारण विन्स्टनची सगळी गोष्ट हातांची आहे.

पोरवयात तो गावातल्याच खेळण्यांच्या कारखान्यात लागला. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गेली. बॉक्सरला उजवी मूठ घट्ट आवळता येत नाही म्हणजे एका ठोशात समोरच्याला आडवं करण्याचा रस्ता जवळजवळ बंद. दुसरा कोणी असता तर खेळ सोडून मोकळा झाला असता. याच्या बाबतीत सगळा भार डाव्या हातावर आला. डावा पाय पुढे ठेवून उभ्या राहणाऱ्या बॉक्सरचा डावा हात पुढे असतो आणि खांद्यातून सरळ सुटणारा त्याचा ठोसा म्हणजे जॅब. बहुतेक जण जॅबने अंतर मोजतात आणि उजव्या हाताने काम तमाम करतात. विन्स्टन जॅबवरच मोजमाप, हल्ला आणि बचाव असं सगळं भागवायचा. एकामागोमाग दोन, तीन, चार जॅब. समोरच्याने डोकं वर काढेपर्यंत हा जागेवरून सरकलेला. त्याच्या लढतींची जुनी कृष्णधवल चित्रणं जरूर बघा. नॉकआउटच्या शोधात असाल तर कंटाळाल, पण पायांकडे आणि त्या डाव्या हाताकडे बघत बसलात तर अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

हे घडवून घेणारा माणूस म्हणजे एडी थॉमस. त्याचा पुतळा बेथेस्डा गार्डन्समध्ये आहे, चौकातून चालत सहज जाता येतं. थॉमस स्वतः खाणीत राबलेला, वेल्टरवेट गटातला ब्रिटिश आणि युरोपियन विजेता. पुढे तो तालमीतल्या वस्तादासारखा पोरांना तयार करू लागला. अ‍ॅबरफॅनला ढिगारा उपसायला धावलेल्या खाणकामगारांत तोही होता आणि उतारवयात मर्थरचा महापौरही झाला. विन्स्टन १९५९ मध्ये त्याच्या हाताखाली व्यावसायिक झाला आणि जवळजवळ चार वर्षं हरलाच नाही. १९६१ मध्ये टेरी स्पिंक्सला नमवून तो फेदरवेटचा, म्हणजे सव्वासत्तावन किलोंच्या आतल्या गटाचा ब्रिटिश विजेता झाला. १९६३ मध्ये कार्डिफमध्येच इटलीच्या अल्बेर्तो सेर्तीला हरवून युरोपियन विजेतेपदही घेतलं.

मग वाटेत मेक्सिकोचा व्हिसेंते साल्दिवार आला. जगज्जेता, डावखुरा आणि दम न संपणारा. डावखुऱ्यासमोर जॅब अवघड होतो, कारण दोघांचे पुढचे हात आणि पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणजे विन्स्टनच्या एकुलत्या हत्यारावरच घाव. १९६५ मध्ये लंडनला तो पंधरा फेऱ्या लढला आणि पॉइंटवर हरला. १५ जून १९६७ ला कार्डिफच्या निनियन पार्क या फुटबॉलच्या मैदानावर पुन्हा पंधरा फेऱ्या. सुरुवातीला विन्स्टन पुढे होता, शेवटी साल्दिवारने जोर लावला, चौदाव्या फेरीत त्याला खाली पाडलं आणि निकाल अगदी थोडक्यात मेक्सिकोकडे गेला. त्या मैदानाच्या जागी आता घरं झाली आहेत.

तिसरी लढत १४ ऑक्टोबर १९६७ ला मेक्सिको सिटीत, अ‍ॅझ्टेका स्टेडियमवर झाली. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत. बाराव्या फेरीत विन्स्टन पडला आणि थॉमसने हार मानून लढत थांबवायची खूण म्हणून रिंगमध्ये टॉवेल फेकला. साल्दिवारने त्याच रात्री निवृत्ती जाहीर केली.

माझ्या मते विन्स्टनच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय तो टॉवेल होता, आणि तो विन्स्टनचा नव्हताच. उरलेल्या तीन-साडेतीन फेऱ्यांत त्याचं काय झालं असतं हे कोणाला सांगता येणार? पण तीनच महिन्यांनी, २३ जानेवारी १९६८ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो जपानच्या मित्सुनोरी सेकीसमोर धडधाकट उभा होता. नवव्या फेरीत सेकीच्या डोळ्याच्या जखमेमुळे लढत थांबली आणि रिकामं झालेलं जगज्जेतेपद मर्थरला आलं.

ते सहा महिनेच टिकलं. जुलैत पोर्थकॉलच्या समुद्रकिनारी, १९६५ मध्ये ज्याला हरवलं होतं त्याच होसे लेग्राने पहिल्याच फेरीत त्याला दोनदा पाडलं. पाचव्या फेरीत डोळा सुजून बंद झाला, लढत थांबली. तिथेच कारकीर्द संपली. ६७ लढती, ६१ विजय. वय फक्त २९.

तिसरा पुतळा जॉनी ओवेनचा. काडीसारखा उंच, लाजरा बँटमवेट. १९ सप्टेंबर १९८० ला लॉस एंजेलिसमध्ये लूपे पिंतोरसमोर, तोही मेक्सिकनच, बाराव्या फेरीत तो कोसळला आणि ४ नोव्हेंबरला शुद्धीवर न येताच गेला. वय २४. २००२ मध्ये या पुतळ्याचं अनावरण पिंतोरनेच केलं, जॉनीच्या वडिलांच्या आग्रहावरून. या पुतळ्यापाशी मी फार वेळ थांबू शकलो नाही.

मग पाऊस वाढला म्हणून एका कॅफेत शिरलो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या आसपासचं जोडपं होतं. मी बॉक्सरांसाठी इतक्या लांब आलोय हे कळल्यावर आजोबांनी खुर्चीच वळवली. निनियन पार्कला ते स्वतः हजर होते म्हणे. (स्टेशनवर भेटलेले गृहस्थही हजर होते, आणि दुकानातले काकाही.) मी टॉवेलबद्दल विचारलं.

"एडीने बरोबरच केलं," ते म्हणाले. "पण ती नंतरची गोष्ट. कार्डिफला आम्हीच जिंकलो होतो. तुम्ही ती लढत बघितलीत ना? मग सांगा, दहाव्या फेरीपर्यंत कोण पुढे होतं?"

मी "हॉवर्ड" म्हणालो. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. आजोबा खूश झाले, खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि डावा पाय पुढे टाकून मला जॅब दाखवू लागले. एक, दोन, तीन. तिसऱ्याला साखरेची बरणी थोडक्यात वाचली.

"खाली बस," आजी म्हणाल्या, "आणि तो चहा संपव आधी."