ॲम्बॅसॅडरचे मॅनिफोल्ड गॅस्केट : निदान, फेसिंग आणि फेरजोडणी

एसयू कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) पूर्ण उघडून साफ केला, नवा जेट बसवला, इग्निशन टायमिंगही तपासून घेतले, तरीही माझ्या मार्क थ्री ॲम्बॅसॅडरचे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद फिरणे) स्थिर होत नव्हते. शिवाय इंजिन थंड असताना मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या इनटेक आणि धूर बाहेर काढणाऱ्या एक्झॉस्ट नळ्यांच्या) बाजूने येणारा टिक-टिक आवाज गाडी तापल्यावर बराच कमी होत असे. असा आवाज ऐकला की टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवर) संशय घेतला जातो. मात्र तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा एक्झॉस्टच्या गळतीचा असतो, कारण बिडाचे मॅनिफोल्ड प्रसरण पावून फट काही अंशी बुजवते.

हे १४८९ सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज इंजिन आहे आणि त्याच्या हेडची (सिलिंडरांवरच्या झाकणाची) रचना समजून घेतल्याशिवाय या गळतीचा माग लागत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला आहेत आणि चार सिलिंडरांना मिळून पोर्ट (मिश्रण आत व धूर बाहेर जाण्याची तोंडे) मात्र पाचच आहेत. एक इनटेक पोर्ट १ व २ या सिलिंडरांना, तर दुसरा ३ व ४ यांना मिश्रण पुरवतो. एक्झॉस्टचे दोन पोर्ट टोकांना स्वतंत्र असून मधला पोर्ट २ आणि ३ मध्ये सामाईक आहे. या पाचही पोर्टांवर एकच अखंड गॅस्केट (हेड व मॅनिफोल्डमधला सांधा बंद करणारी पॅकिंग) बसते. त्यामुळे एका इनटेक पोर्टाशी हवा शिरू लागली, तर त्याचा परिणाम जोडीने दोन सिलिंडरांवर दिसतो. प्लग काढून ओळीने मांडले तेव्हा पहिल्या दोघांचे पोर्सेलिन खडूसारखे पांढुरके होते आणि उरलेल्या दोघांचे फिकट तपकिरी. एवढ्यावरून पुढच्या इनटेक पोर्टावर बोट ठेवता आले.

खात्रीसाठी अनेक जण सांध्यावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. या इंजिनावर तसे करणे मला सरळ धोक्याचे वाटते, कारण इनटेकला लागूनच एक्झॉस्टचे तापलेले बीड असते. थंड इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना पाण्याचा बारीक फवारा मारला तरी पुरते. पुढच्या सांध्यावर पाणी पडताच इंजिनाचा सूर बदलला.

खोलण्याच्या कामाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बॅटरी सोडवून कार्ब्युरेटर, चोकची केबल आणि सायलेंसरच्या पाइपचा जोड काढला, नटांना गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले, आणि सगळे नट स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे) न तुटता निघाले. मागच्या एक्झॉस्ट पोर्टाभोवती काजळीचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ते ओले करूनच खरवडले. कोरडे घासणे किंवा ड्रिलला तारेचा ब्रश लावणे कटाक्षाने टाळावे. पोर्टांत फडकी कोंबली होती, आणि ॲल्युमिनियमच्या इनटेकवर लोखंडी पाते न वापरता लाकडी पट्टी वापरली.

खरा वेळ द्यावा लागतो तो यापुढे. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून पाहिले, तेव्हा एक्झॉस्टचे मागचे टोक सुमारे ०.२० मिमी उचललेले आढळले. नुसते नवे गॅस्केट घातले असते तर ते लवकरच पुन्हा फुंकले असते. म्हणून एक्झॉस्ट सरफेस ग्राइंडरवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून घेतले. मात्र फेसिंगने त्याचा फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) पातळ होतो, आणि मधल्या स्टडवरचे जाड वायसर इनटेक व एक्झॉस्ट या दोन्ही फ्लँजांना एकदम दाबतात. एक फ्लँज जाड आणि दुसरा पातळ राहिला, तर वायसर कलतो आणि नट कितीही आवळला तरी पातळ बाजूवर दाब येत नाही. फेसिंगनंतरही गळती कायम राहिल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बऱ्याचशा याच कारणाने होत असाव्यात, असे माझे मत आहे. दोन्ही फ्लँजांची जाडी मायक्रोमीटरने मोजून इनटेकही तेवढेच फेस करून घेतले आणि फरक ०.०५ मिमीच्या आत आणला.

मॅनिफोल्ड काढलेले असतानाच त्याखालच्या टॅपेट कव्हरची कॉर्कची पॅकिंगही बदलली, कारण एरवी तेथे हात नीट पोहोचत नाही.

नव्या गॅस्केटची पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे ठेवली आणि कोणतेही सीलंट लावले नाही. तापल्यावर मॅनिफोल्ड लांबीच्या दिशेने सरकते आणि ते पत्र्यावरून सरकू शकले पाहिजे. सर्व नट आधी हाताने बसवून मग मधून बाहेर या क्रमाने दोन टप्प्यांत सुमारे २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. यापेक्षा जास्त जोर लावल्यास बिडाचा कान तुटू शकतो. इंजिन पूर्ण तापवून, थंड होऊ देऊन पुन्हा टॉर्क तपासला, तेव्हा मधले दोन नट थोडे फिरले.

थंड अवस्थेतला आवाज आता पूर्ण गेला आहे. गळती असताना मिश्रण दाट ठेवले होते, म्हणून जेटचा नट थोडा वर घेऊन ते पातळ केले. कार्ब्युरेटरचा पिस्टन पिनने जेमतेम ०.८ मिमी उचलला की रेस (इंजिनाचा वेग) क्षणभर वाढून पूर्ववत होते, म्हणजे मिश्रण योग्य आहे. प्लग साफ करून पुन्हा बसवले आहेत. महामार्गावर एक लांब फेरी झाली की चारही प्लगांचा रंग पुन्हा तपासणार आहे, आणि त्याच वेळी थंड इंजिनावर नटांचा टॉर्क आणखी एकदा पाहीन.